शब्दाला खात्याचे आडनाव लावा

साखर कारखान्याच्या चिटबॉयला 'औंदा उतारा काय?' असे विचारा. तो एकरी टनाचा आकडा सांगेल. त्याच आवारातल्या प्रयोगशाळेत केमिस्टला तेच विचारा. तो साखरेचा टक्का सांगेल. तलाठ्याकडे उतारा मागितला की सातबारा मिळतो. बँकेत मागितला की खात्यावरच्या देण्याघेण्याची यादी मिळते. आणि लेकराला नजर लागली म्हणून म्हातारी जो उतारा तिकटीवर ठेवून येते तो आणखी वेगळा. इतके उतारे असूनही आपला घोटाळा होत नाही, कारण बोलणारा कुठे उभा आहे हे ऐकणाऱ्याला दिसते.

संगणकाला ते दिसत नाही. त्याच्यापुढे चार खात्यांचे कागद एकत्र ओतले आणि 'उतारा' असा एकच रकाना केला, तर टन, टक्के आणि सातबारे यांची तो बिनदिक्कत सरासरी काढून देईल. तीही दोन दशांश स्थळांपर्यंत आणि रंगीत आलेखासह. ही हसण्याची गोष्ट वाटेल. पण शेतकऱ्यांच्या बाबतीत असाच एक रकाना आज तयार होतो आहे आणि त्या रकान्याचे नाव आहे 'शेतकरी'.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये २,८१७ कोटी रुपयांच्या डिजिटल कृषी मिशनला मंजुरी दिली. त्यातले 'अ‍ॅग्रीस्टॅक' म्हणजे मुख्यतः तीन वह्या : शेतकऱ्यांची वही, गावनकाशांची वही आणि पेरलेल्या पिकांची वही. आधार आणि जमिनीची नोंद यांना जोडून शेतकऱ्याचा ओळख क्रमांक तयार होतो. आपल्या राज्यात २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांसाठी तो सक्तीचा झाला. आम्ही संगणकाच्या विरोधात नाही. सातबारा घरबसल्या मिळू लागला, चावडीवरच्या चकरा कमी झाल्या, यात वाईट काही नाही. ऑगस्ट २०२१ पासून शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतःच्या मोबाईलवरून करू लागला, हेही चांगलेच. आमचा प्रश्न एवढाच आहे की या वहीत 'शेतकरी' म्हणजे कोण, हे ठरवले कोणी?

कारण देशात शेतकरी किती, याला आजवर एक उत्तर कधीच नव्हते. २०११ च्या जनगणनेत शेती कसणारे ११ कोटी ८८ लाख होते; त्यातले वर्षातून सहा महिने किंवा अधिक काळ शेतीतच राबणारे तेवढे धरले तर ९ कोटी ५८ लाख. २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहितीची खाती सुमारे १४ कोटी ६५ लाख. २०१९ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शेतकरी कुटुंबे सुमारे ९ कोटी ३० लाख. यातला एकही आकडा खोटा नाही. जनगणना माणूस मोजते आणि तो किती महिने राबला ते विचारते. कृषी गणना जमीन कसणारा घटक मोजते, मालकी कोणाची याच्याशी तिला कर्तव्य नसते. नमुना पाहणी कुटुंब मोजते : वर्षाला ४,००० रुपयांपेक्षा जास्त शेतमाल काढला आणि घरातला एक जण तरी स्वतःच्या शेतीधंद्यात असला की झाले शेतकरी कुटुंब, मग जमीन असो वा नसो. आधीच्या २०१३ च्या पाहणीत हीच मर्यादा ३,००० होती. त्याच्याही आधी, २००३ साली, जमीन ताब्यात असणे ही अट होती. म्हणजे एकाच कचेरीने सोळा वर्षांत शेतकऱ्याचा अर्थ तीनदा लावला.

पंतप्रधान किसान सन्मान योजना सातबारा पाहते. १ फेब्रुवारी २०१९ या तारखेला जमीन नावावर होती का, घरात कोणी प्राप्तिकर भरतो का, हे पाहून ती कुटुंब ठरवते. आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुले. २००७ च्या राष्ट्रीय शेतकरी धोरणात मात्र 'शेतकरी' या शब्दात कूळ, बटाईदार, शेतमजूर, मेंढपाळ, मच्छीमार, मधमाश्या पाळणारा हे सगळे येतात. धोरणात पंगतीला बसवलेला माणूस योजनेत वाढप्याला दिसतच नाही!

आता समजा, एक विधवा बाई दुसऱ्याची दोन एकर जमीन बटाईने करते. जनगणनेत ती शेतकरी आहे. नमुना पाहणीत शेतकरी आहे. कृषी गणनेच्या नियमानेही ती कसणारी आहे. सोसायटीच्या दारात ती कोणीच नाही, कारण सातबारा नाही. बटाईदाराला पीक विम्याचा दरवाजा कागदावर उघडा आहे, पण त्याला भाडेकरार हवा. मालक करार लिहून देत नाही. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी कुळे मालक झाली, त्याची धास्ती जमीनवाल्यांच्या मनातून अजून गेलेली नाही. आजवर या बाईला निदान एक आशा होती. एका खात्याने नाकारले तरी दुसऱ्या खात्याची व्याख्या वेगळी असते, तिथे दार ठोठावता येते. उद्या सगळ्या खात्यांनी एकाच वहीतून शेतकरी घ्यायचा ठरवला आणि त्या वहीत 'शेतकरी म्हणजे सातबाऱ्यावरचा भोगवटादार' एवढी एकच ओळ असली, तर ती सगळीकडून एकाच दिवशी नाहीशी होईल. तिला कोणी नकारही देणार नाही. तिचे नाव उघडणारच नाही, इतकेच.

ही 'एक ओळ' म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. संगणकाच्या कोठारात सर्वांत खाली कच्च्या नोंदी असतात : कोट्यवधी सातबारे, कर्जखाती, पीकनोंदी, पावसाचे आकडे. सर्वांत वर साहेबांच्या टेबलावरचे अहवाल असतात : जिल्ह्यात शेतकरी इतके, थकबाकीदार इतके, बाधित क्षेत्र इतके. या दोहोंच्या मध्ये एक थर असतो. संगणकवाले त्याला 'सिमँटिक लेयर' म्हणतात; आपण अर्थाचा थर म्हणू. कोणत्या नोंदी घ्यायच्या, कोणत्या वगळायच्या आणि त्या बेरजेला कोणते नाव द्यायचे, हे तिथे लिहिलेले असते. वरचा प्रत्येक अहवाल तिथूनच अर्थ उचलतो. म्हणून तिथे एक शब्द बदलला की खालची एकही नोंद न बदलता वरचे सगळे आकडे बदलतात.

मोठ्या कंपन्यांत हा तंटा फार जुना आहे. विक्री विभागाचा ग्राहक म्हणजे ज्याने मागणी नोंदवली तो. हिशेब विभागाचा ग्राहक म्हणजे ज्याने पैसे भरले तो. दुरुस्तीवाल्यांचा ग्राहक म्हणजे ज्याच्या घरी यंत्र आहे तो. तिघेही आपापल्या कामापुरते बरोबर असतात. मालकाने 'एकच आकडा द्या' असा हट्ट धरला की ज्याचा आवाज मोठा त्याची व्याख्या चालते आणि उरलेले दोघे गुपचूप आपली वेगळी वही ठेवू लागतात. जाणते लोक असे करत नाहीत. माणसाची ओळख एकच ठेवतात, पण शब्दाला खात्याचे आडनाव लावतात : विक्री-ग्राहक, हिशेब-ग्राहक, दुरुस्ती-ग्राहक. प्रत्येक व्याख्येचा एक धनी नेमतात. व्याख्या बदलली तर तारीख घालतात आणि जुनी व्याख्या पुसत नाहीत.

कंपनीत चुकले तर नफातोटा चुकतो. आपल्याकडे काय चुकते, ते पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०१३ साली शेती हा स्वयंरोजगार असलेल्या ११,७७२ जणांच्या आत्महत्या नोंदल्या आहेत. २०१४ च्या अहवालात शेतकऱ्यांच्या आत्महत्या ५,६५०. एका वर्षात निम्म्याहून कमी! पण त्याच वर्षी अहवालात रकाने बदलले आणि शेतमजुरांचा वेगळा रकाना निघाला. त्यात ६,७१० जण होते. दोन्ही मिळून १२,३६०. मजूर वेगळा मोजू नये असे आमचे म्हणणे नाही, जरूर मोजावा. पण नुसता पहिला रकाना घेऊन मागच्या वर्षाच्या शेजारी ठेवणाऱ्याला कोणी थांबवले? हे दोन आकडे एका जातीचे नाहीत, असे त्या आकड्याच्या अंगावरच लिहिलेले असायला हवे होते.

आणि ही पोलीस दप्तराची गोष्ट झाली. महसूल खात्याचे गणित याहून निराळे. तिथे शेतकरी आत्महत्या 'पात्र' आणि 'अपात्र' असते. घराच्या नावावर सातबारा आहे का, कर्ज बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे आहे का, हे पाहून एक लाखाची मदत ठरते. बटाईदार गेला तर घरच्यांच्या हाती 'अपात्र' एवढा शब्द येतो. तो कुठल्या व्याख्येने अपात्र आणि ती व्याख्या कोणी केली, हे त्या कागदावर नसते.

व्याख्येने शेतकऱ्याचे पैसे कसे जातात, ते ऊसवाल्यांना सांगायला नको. २०१७-१८ साली रास्त व किफायतशीर दर क्विंटलला २५५ रुपये होता, तो ९.५ टक्के उताऱ्याला. २०१८-१९ साली २७५ जाहीर झाला, तो १० टक्के उताऱ्याला. वर्तमानपत्रात २० रुपयांची वाढ छापून आली. जुन्या वर्षी उताऱ्याच्या वरच्या प्रत्येक पॉइंटला २ रुपये ६८ पैसे मिळत होते. म्हणजे १० टक्क्यांना जुन्याच हिशेबाने २६८ रुपये ४० पैसे पडत होते. खरी वाढ ६ रुपये ६० पैशांची. २०२२-२३ साली पाया आणखी सरकून १०.२५ टक्के झाला. 'एफआरपी' हा शब्द मात्र तोच राहिला. शब्दाच्या पोटातला अर्थ सरकतो आणि वरचे लेबल जागच्या जागी राहते, यापेक्षा सोयीची गोष्ट सरकारला दुसरी कोणती असेल?

'उत्पादन खर्च' हा तर आपल्या घरचाच शब्द. २०१८-१९ साली भाताचा हमीभाव १,७५० रुपये ठरला आणि खर्चाच्या दीडपट दिला असे सांगितले गेले. त्यात खर्च धरला होता १,१६६ : म्हणजे खिशातून गेलेला पैसा आणि घरच्यांची मजुरी. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरले की कृषिमूल्य आयोगाचाच दुसरा आकडा होता १,५६०; त्याची दीडपट २,३४०. कारखानदार जागेचे भाडे आणि भांडवलाचे व्याज खर्चात धरतो, शेतकऱ्याने का धरू नये, हे आमचे मत आम्ही लपवत नाही. इथे मुद्दा त्याच्याही अलीकडचा आहे. आयोगाच्या कागदावर या खर्चांना 'ए-२ अधिक एफएल', 'सी-२' अशी वेगळी नावे आहेत. मंत्र्याच्या भाषणात ती गळून पडतात आणि उरतो नुसता 'खर्च'. आडनाव असते तर सभेतल्या माणसाने जागेवरच विचारले असते, 'कोणता?'

पावसाचेही तेच. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. पहाटे साडेसहा ते साडेदहा या चार तासांत ८० मिलिमीटर कोसळला आणि साडेआठच्या आधी ४०, नंतर ४० असा वाटला गेला, तर दोन तारखांना चाळीस-चाळीस लागतात. सोयाबीन वाहून गेले, कागदावर अतिवृष्टी नाही! मदतीसाठी पिकाचे ३३ टक्के नुकसान हा निकष २०१५ पासून आहे. त्याआधी तो ५० टक्के होता. पीक विमा याहून तिसऱ्याच मार्गाने जातो : मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन त्यावरून उंबरठा उत्पन्न काढायचे आणि पीक कापणी प्रयोगाशी ताडून पाहायचे. पैसेवारी आणखी चौथी. एकाच शिवारातले एकच नुकसान, मोजणारे चार. चारही व्याख्या चार कामांसाठी आहेत आणि त्या वेगळ्या असाव्यात यात काही गैर नाही. 'बाधित शेतकरी' असा एक आकडा जिल्हाधिकाऱ्यांच्या पडद्यावर झळकतो तेव्हा तो या चारांतला कोणता, हे मात्र कळलेच पाहिजे.

यावर सोपा तोडगा सुचवणारे भेटतात. 'सगळ्या खात्यांना एकच व्याख्या करायला लावा, भानगडच मिटेल.' त्यांच्या बोलण्यात थोडे तथ्य आहे. प्राप्तिकर भरणाऱ्यांनी सन्मान निधी उचलला, सरकारला तो परत मागावा लागला. वह्या जुळल्या असत्या तर हे आधीच दिसले असते. पण वह्या जुळवणे वेगळे आणि अर्थ एक करणे वेगळे. कर्ज देणाऱ्याला तारण दिसले पाहिजे, म्हणून त्याचा शेतकरी सातबाऱ्याचा. दुष्काळात मदत देणाऱ्याला कोणाचे पीक गेले ते दिसले पाहिजे, म्हणून त्याचा शेतकरी पेरणाऱ्याचा. एकाची व्याख्या दुसऱ्याला घातली तर दोन्ही कामे बिघडतात. कर्जमाफीत हे आपण पाहिले आहे : २०१७ साली सुरुवातीला 'कुटुंब' हा घटक धरला, २०१९ साली 'व्यक्ती' धरली, आणि नवरा-बायकोच्या नावावर वेगळी कर्जे असलेल्या घरांचा हिशेब दोन्ही वेळा वेगळा आला.

एक मात्र व्हावे. ज्या गोष्टी खरोखरच सर्वांच्या एक आहेत त्या एकदाच ठराव्यात : गावाचा क्रमांक, गट क्रमांक, हेक्टर-आर, माणसाची ओळख. आणि ज्या एक दिसतात पण नाहीत, त्यांना आडनाव लागावे. 'वर्ष' हा साधा शब्द घ्या. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते, कृषी वर्ष १ जुलैला, आर्थिक वर्ष १ एप्रिलला, साखर वर्ष १ ऑक्टोबरला. नुसते '२०२४-२५' लिहून चार खात्यांचे आकडे शेजारी ठेवणारा अहवाल कचऱ्यात टाकण्याच्या लायकीचा आहे. असे अहवाल आज मंत्रालयात गुळगुळीत कागदावर छापले जातात.

सर्वांत मोठा धोका अजून राहिलाच. शासन निर्णय निघतो तेव्हा त्यावर क्रमांक असतो, तारीख असते, सहीचा धनी असतो. तो जाळता येतो, त्यावर मोर्चा काढता येतो, उच्च न्यायालयात जाता येते. संगणकातल्या अर्थाच्या थरात लिहिलेल्या ओळीला यातले काही नसते. ती बहुधा एखाद्या ठेकेदार कंपनीतला मुलगा लिहितो. तो बिचारा वाईट नसतो. त्याला बटाई म्हणजे काय हे कोणी सांगितलेले नसते, आणि पोर्टल सुरू करण्याची तारीख डोक्यावर असते. शासन निर्णयात 'कसणारा' असेल तर तो 'भोगवटादार' घेतो, कारण खालच्या कोठारात तोच रकाना भरलेला असतो. झाले! विधानसभेने न केलेला कायदा एका दुपारी होऊन जातो. पुढे तहसीलदार सांगतो, 'माझ्या हातात काही नाही, सिस्टीम घेत नाही.' सिस्टीमला कोणी काय शिकवले, हे त्यालाही ठाऊक नसते.

म्हणून जिल्हा बैठकीत ठराव मांडायचा तो 'अ‍ॅग्रीस्टॅक बंद करा' असा नको. शेतकऱ्यांच्या वहीतली प्रत्येक व्याख्या मराठीत, खात्याच्या नावासह, तारखेसह आणि मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदनामासह चावडीवर लावा, असा ठराव हवा. व्याख्या बदलायची तर आधी जाहीर करा आणि जुनी जपून ठेवा, म्हणजे २०२४ चा आकडा २०२४ च्याच अर्थाने वाचता येईल. नाव नाकारले तर कोणत्या व्याख्येने नाकारले ते चिठ्ठीवर छापा. बटाईने कसणाऱ्यांसाठी, आणि नवऱ्याच्या नावच्या जमिनीत राबणाऱ्या बायांसाठी, वहीत 'कसणारा' हा वेगळा रकाना उघडा. मालकी हक्काशी त्याचा संबंध नाही असे त्यावर स्पष्ट लिहा, म्हणजे मालकही घाबरणार नाही. शेवटची मागणी सर्वांत अवघड जाईल, कारण तिला आपल्यातलेही काही जमीनवाले विरोध करतील. करू द्या. बैठकीत ते बोलून घ्यावे.

तोवर हातात एक हत्यार आहे. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४ : ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो त्याला निर्णयाची कारणे देणे सरकारी कचेरीवर बंधनकारक आहे. दहा रुपयांचा अर्ज. प्रत्येक तालुक्याच्या कार्यकर्त्यांनी तहसील, तालुका कृषी कार्यालय आणि सहायक निबंधक कार्यालय या तिन्ही ठिकाणी हे तीन प्रश्न लिहून द्यावेत : आपल्या संगणक प्रणालीत 'शेतकरी' या शब्दाची व्याख्या काय? ती कोणत्या तारखेपासून लागू आहे आणि कोणत्या अधिकाऱ्याने मंजूर केली? त्याआधीची व्याख्या काय होती? उत्तरांच्या आणि नाकारलेल्या अर्जांच्या झेरॉक्स बैठकीला येताना घेऊन याव्यात. तिन्ही कचेऱ्यांची उत्तरे एका तक्त्यात शेजारी शेजारी लिहायची आहेत. मोठा कागद आणि स्केचपेन आम्ही आणतो.